मुंबई भाडेपट्ट्याने घेतलेला वैद्य

लिस्बनला आम्ही दोघं सहा दिवस होतो. नवऱ्याने निघण्याआधीच यादी केली होती: २८ नंबरची ट्राम, बेलेंचा मनोरा, किल्ला, एक रात्र फादोचं गाणं, आणि अंड्याच्या बलकाची ती प्रसिद्ध मिठाई, पाश्तेल द नाता, शक्य तितक्या ठिकाणी. माझ्या यादीत एकच नाव होतं, गार्सिया द ओर्ता. नवऱ्याने तीस वर्षं फार्मसी कॉलेजात वनस्पतिजन्य औषधं शिकवली, तेव्हा नाव त्यालाही ठाऊक होतं, पण पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातल्या एका ओळीपुरतं. सोळाव्या शतकात गोव्यात राहून भारतीय औषधींवर पुस्तक लिहिणारा पोर्तुगीज वैद्य, इतकंच. "त्याचं लिस्बनमध्ये काय आहे?" असं त्याने विचारलं. पाहण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, हे खरं उत्तर होतं. पण तो इथून का गेला, हे मात्र रोसियु चौकाच्या आसपास उभं राहून कळतं.

रोसियु म्हणजे शहराचा मधला चौक. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा काढलेली फरसबंदी, कारंजी, कॉफीची टेबलं. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक छोटं मोकळं आवार आहे. तिथे टीचभर दुकानात आंबट चेरीचं मद्य पेल्यातून विकतात, लोक ते उभ्याउभ्या पितात आणि बिया रस्त्यावर थुंकतात. गिनी-बिसाऊकडची माणसं घोळक्याने गप्पा मारत असतात. समोर सां दोमिंगुशचं चर्च. बाहेरून साधं, आत पाऊल टाकलं की माणूस गप्प होतो. १९५९च्या ऑगस्टमध्ये ते आतून जळालं. १९९४ला पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं घातलं, पण भिंती आणि खांब तसेच ठेवले. तडकलेले, ढलपे उडालेले, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. नवरा खांबाला हात लावून म्हणाला, "हे दुरुस्त का नाही केलं?" मला वाटतं, शहराने घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी हा एक असावा.

या जागेची गोष्ट मात्र त्या आगीच्या साडेचारशे वर्षं आधीची आहे.

१४९२ला स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा हजारो कुटुंबं सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. इथल्या राजाने डोईपट्टी घेऊन त्यांना आत घेतलं. पुढच्या राजाने, मानुएलने, १४९६च्या डिसेंबरात त्यांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला. स्पेनच्या राजघराण्यातली मुलगी त्याला हवी होती आणि तिकडची अट ही होती. पण व्यापारी, वैद्य, कारागीर गेले तर राज्याचं नुकसान, हेही त्याला कळत होतं. म्हणून १४९७मध्ये त्याने त्यांना जाऊ देण्याऐवजी जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. एका वर्षात पोर्तुगालमध्ये कागदोपत्री एकही ज्यू उरला नाही, आणि 'नवख्रिस्ती' नावाची एक नवी जात तयार झाली. जात हा शब्द मी विचार करून वापरते आहे. बाप्तिस्मा झाला तरी पिढ्यान्‌पिढ्या ते 'नवे'च राहिले, आणि रक्त कोणाचं हे विचारलं जात राहिलं.

१५०६च्या वसंतात लिस्बनमध्ये प्लेगची साथ होती, पाऊस नव्हता, धान्य महाग होतं. १९ एप्रिलला, रविवारी, सां दोमिंगुशच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गर्दी होती. क्रुसावर कोणाला तरी तेज दिसलं आणि चमत्कार झाला अशी हाकाटी उठली. तिथे असलेल्या एका नवख्रिस्त्याने ते मेणबत्तीचं प्रतिबिंब असेल असं म्हटलं. त्याला ओढत बाहेर नेऊन मारलं. मग दोमिंगोपंथी साधू क्रूस घेऊन रस्त्यावर उतरले आणि पाखंड्यांना मारणाऱ्यांना पापमुक्तीचं आश्वासन देऊ लागले. बंदरात परदेशी जहाजं होती, त्यांवरचे खलाशीही लुटीत सामील झाले. तीन दिवस हे चाललं. रोसियुत चिता पेटवल्या होत्या. मेलेल्यांचे आकडे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत सांगितले जातात. राजा साथीमुळे शहराबाहेर होता. परत आल्यावर त्याने म्होरक्यांना फाशी दिली, दोन साधूंनाही देहदंड दिला. म्हणजे राजाने न्याय केला, असं म्हणता येईल. पण ज्या माणसांना त्याने नऊ वर्षांपूर्वी पळून जाऊ दिलं नव्हतं, तीच ही माणसं होती.

चर्चसमोर २००८मध्ये बसवलेला एक स्मारकाचा दगड आहे, त्यावर दाविदाची चांदणी. बाजूच्या भिंतीवर अनेक भाषांमध्ये लिहिलं आहे की लिस्बन हे सहिष्णुतेचं शहर आहे. भिंतीचं वाक्य मला जरा घाईचं वाटलं. दगड पुरेसा होता.

ओर्ताचे आईवडील याच स्पेनमधून आलेल्यांपैकी. सीमेवरच्या कास्तेलु द विद गावात १५०१च्या सुमारास तो जन्मला, म्हणजे लिस्बनच्या कत्तलीच्या वेळी चारपाच वर्षांचा असेल. सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, आणि १५३०मध्ये लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १५३१मध्ये, मोठा भूकंप झाला. सांतारेंमध्ये साधूंनी लगेच सांगायला सुरुवात केली की हा देवाचा कोप आहे, आणि रोख अर्थातच नवख्रिस्त्यांकडे होता. तेव्हा दरबारचा नाटककार जील विसेंतने त्या साधूंना जमवून समजावलं आणि राजाला पत्र लिहून ते कळवलं. रोसियुच्या उत्तर टोकाला आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्याच्या माथ्यावर या जील विसेंतचा पुतळा आहे. त्याच जागेवर पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. १७५५च्या भूकंपात तो पडला, पुन्हा बांधला, १८३६ला जळाला, आणि १८४६मध्ये तिथे नाट्यगृह उघडलं. पुतळा तिथे बसवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण जागा अचूक साधली आहे.

ओर्ता १५३४च्या मार्चमध्ये जहाजावर चढला. १५३६मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. दोन वर्षांचं अंतर. विद्यापीठातली नोकरी सोडून, सहासहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात कितीतरी माणसं मरत असताना, तिशी ओलांडलेला वैद्य हिंदुस्थानात का जातो, याला औषधी वनस्पतींची आवड एवढं एकच कारण असेल असं मला वाटत नाही. नवऱ्याला वाटतं. त्यावर आमचा वाद तिसऱ्या दिवशी ट्रामच्या रांगेत सुरू झाला आणि पाऊण तास रांग होती, त्यामुळे भरपूर चालला. त्याचं म्हणणं, प्रत्येक अभ्यासकाला पळपुटा ठरवायचं कारण नाही, माणसाला नुसती मिरीची वेल बघायची इच्छाही असू शकते. माझं म्हणणं, दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या असू शकतात.

चौथ्या दिवशी बेलेंला गेलो. जेरोनिमुशचा मठ हा मानुएलनेच बांधायला घेतला, मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून. दगडात दोरखंड, गाठी, समुद्री वेली कोरल्या आहेत. आत वास्को द गामाची आणि कवी कामोइंशची दगडी पेटी समोरासमोर आहे. इथे लोक फोटो काढून पुढे जातात. नदीकाठी शोधयात्रांचं स्मारक आहे, १९६० सालचं, सालाझारच्या राजवटीतलं, जहाजाच्या आकाराचं, वर चढत जाणारे ३३ पुतळे असलेलं. मला शिल्प म्हणून ते अजिबात आवडलं नाही, पण त्यावर कोण आहे हे पाहायला हवं. मार्तीं अफोन्सु द सोझा आहे. ओर्ता त्याचाच वैद्य म्हणून १५३४ला निघाला, दीवच्या मोहिमांत त्याच्याबरोबर हिंडला. फ्रान्सिस झेवियर आहे. तो १५४१मध्ये याच मार्तीं अफोन्सुच्या जहाजातून निघाला आणि १५४६मध्ये त्याने राजाला पत्र पाठवून गोव्यात इन्क्विझिशन हवं अशी मागणी केली. कामोइंश आहे. त्याची छापलेली पहिली कविता ओर्ताच्या पुस्तकात आहे, व्हाइसरॉयला उद्देशून. आश्रयदाता, कवीमित्र आणि ज्याच्या मागणीने पुढचं सगळं घडलं तो संत, तिघंही या दगडी जहाजावर आहेत. ओर्ताला मात्र त्यावर जागा मिळालेली नाही.

गोव्यात त्याचं बस्तान चांगलं बसलं होतं. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा स्नेही, त्याच्याकडे उपचारासाठी जाणंयेणं. तिथल्या हकिमांशी चर्चा. १५५०च्या दशकात त्याला मुंबई बेट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळालं. त्याचं घर जिथे होतं म्हणतात तिथे नंतर इंग्रजांचा बॉम्बे कॅसल झाला, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या मागे, नौदलाच्या भिंतीआड. वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं एक झाड त्या बेटावर होतं, असं तो अभिमानाने सांगतो. घारापुरीची लेणी पाहून त्यांचं वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीय लेखकांत तो आहे.

पुस्तक १५६३च्या एप्रिलमध्ये गोव्यात छापलं गेलं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. ते संवादरूप आहे. एका बाजूला स्वतः ओर्ता, दुसऱ्या बाजूला स्पेनहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य, जो ग्रंथांतलं ज्ञान घेऊन आला आहे. मध्येमध्ये घरातली दासी आंतोनिया येते, हवी ती मुळी किंवा फळ आणून समोर ठेवते. हा भाग नवऱ्याला फार आवडतो, कारण शिकवताना तोही असाच हिरड्याबेहड्याचे नमुने वर्गात फिरवायचा. कोरफड, हिंग, भांग, दालचिनी, फणस, आणि १५४३मध्ये गोव्यात आलेल्या पटकीचं वर्णन, जे आजही वैद्यकाच्या इतिहासात वाचलं जातं. रुआनो ग्रीकांचा हवाला देतो, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एका ठिकाणी तो बोलून जातो की स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती. युरोपने हे पुस्तक चारच वर्षांनी, क्लुसियसने अँटवर्पहून काढलेल्या लॅटिन संक्षेपातून वाचलं.

गेलेनविरुद्ध बोलणारा हा माणूस स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. पुस्तकाला छापण्याची परवानगी हवी होती. ती तपासणाऱ्यांत आलेशु दियश फाल्कां होता. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं तेव्हाचा तो चौकशी अधिकारी. ओर्ताने हस्तलिखित त्याच्या हाती दिलं, आणि त्याने ते मंजूर केलं.

ओर्ता १५६८मध्ये मेला, आपल्या घरी, मानाने. त्यानंतर त्याची बहीण कातारिना पकडली गेली. १५६९मध्ये गोव्यात तिला जिवंत जाळलं. तिच्या आणि नातेवाइकांच्या जबान्यांमधून गार्सियाही मोशेचा धर्म मनात धरून होता असं बाहेर आलं. १५८०मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाहीर समारंभात जाळण्यात आली. एकोणिसाव्या शतकातल्या त्याच्या मोठ्या चरित्रात यातलं काही नाही. इन्क्विझिशनच्या दप्तरातले हे कागद १९३४च्या सुमारास एका पोर्तुगीज वैद्यक-इतिहासकाराने उजेडात आणले.

"म्हणजे तो सुटला," नवरा म्हणाला. "मेल्यावर हाडं जाळली तर त्याला काय फरक पडतो? चौतीस वर्षं काम केलं, पुस्तक झालं."

मी म्हटलं, कातारिनाला फरक पडला. आणि चौतीस वर्षं शनिवारी आपल्या घरात चूल पेटली की नाही हे शेजाऱ्यांना दिसतंय का, याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला मी सुटलेला म्हणणार नाही. तो म्हणाला, हे तू रचते आहेस. चुलीचं मी रचलं हे खरं. पण शनिवारी स्वच्छ सदरा घालणं, डुकराचं मांस टाळणं, असल्याच खुणा इन्क्विझिशन लोकांना शोधायला सांगत असे, आणि ते जाहीर वाचून दाखवलं जाई. त्यावर तो काही बोलला नाही, पण त्याचं मत बदललं असंही नाही.

१७५५च्या भूकंपानंतर शहर नव्याने आखणाऱ्या पोंबालने १७७३मध्ये कायद्याने नवे आणि जुने ख्रिस्ती हा भेद रद्द केला. जन्मावरून कोणाला 'नवा' म्हणणं हाच गुन्हा ठरला. गोव्यातलं इन्क्विझिशन त्याच्या काळात १७७४मध्ये बंद झालं, तो सत्तेवरून गेल्यावर १७७८मध्ये परत आलं, आणि १८१२पर्यंत टिकलं. पोंबालविषयी माझं मत बरंच बरं झालं असतं, पण त्यानेही हेच यंत्र वापरून १७६१मध्ये मालाग्रिदा या म्हाताऱ्या जेझुइटाला रोसियुमध्ये गळा आवळून मारून जाळायला लावलं. त्या म्हाताऱ्याने भूकंप हा देवाचा कोप आहे असं लिहून लोकांना सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी जुन्या बाजारात गेलो. रस्त्यावर पथाऱ्या पसरून जुन्या फरशा, किल्ल्या, तबकड्या विकायला ठेवतात. तिथे नवऱ्याने नाण्यांच्या खोक्यात हात घातला आणि दोन धातूंचं एक नाणं वर काढलं. २०० एस्कुदो, १९९१. त्यावर गार्सिया द ओर्ता. युरो येईपर्यंत हे नाणं लिस्बनमधल्या प्रत्येकाच्या खिशात होतं. त्याआधी २० एस्कुदोच्या नोटेवरही तो होता. शहराच्या पूर्वेला, १९९८च्या प्रदर्शनासाठी वसवलेल्या भागात, त्याच्या नावाची बाग आहे. पणजीत चर्चजवळची बागही त्याच्याच नावाची. कातारिनाच्या नावाचं मला काही सापडलं नाही.

परत आल्यावर नवरा एशियाटिकमध्ये जाऊन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर वाचायला बसला, १९१३चं, मार्कहमने केलेलं. आंब्याचं प्रकरण त्याने मला फोनवरूनच सांगितलं. दोघं वैद्य बोलत बसले आहेत, इतक्यात मुंबईहून होडी आल्याची वर्दी येते. ओर्ताचा बेटावरचा कूळ टोपलीभर आंबे घेऊन आला आहे, गव्हर्नरला भेट द्यायला.