मारू नये, टाकू नये

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. त्या आवृत्तीतले आदिपर्व उघडले, की अगदी आरंभीच एक कुत्र्याचे पिल्लू भेटते. जनमेजयाच्या यज्ञाशी ते आले म्हणून त्याच्या भावांनी त्याला मारले. पिल्लू रडत आईकडे, सरमेकडे गेले. तिने येऊन विचारले, ‘याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही; मग मारलेत का?’ भावांकडे उत्तर नव्हते. तिने शाप दिला.

महाभारताच्या शेवटीही कुत्रे आहे. हस्तिनापुराहून निघालेल्या पांडवांच्या मागोमाग ते चालत राहते. एकेक जण वाटेत पडतो, युधिष्ठिर आणि कुत्रे उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला सोडून ये म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. आपल्या आधाराने आलेल्याला टाकणे त्याला पाप वाटते.

म्हणजे आरंभी ‘मारू नये’ आणि अखेरीस ‘टाकू नये’. आपला पुढचा इतिहासही याच क्रमाने गेलेला दिसतो.

आपल्याकडे खंडोबासोबत कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. पण घरातल्या कुत्र्याची जागा बहुधा दाराशी. तो आळीचा असे, वाड्याचा असे. एका माणसाचा क्वचितच. इंग्रजी अमलात शहरांत मालकीचा आणि बेवारस असा भेद कडक झाला. मुंबईत बेवारस कुत्री मारण्याची मोहीम निघाली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. अंत्यविधीतही त्याचे स्थान आहे. दुकाने बंद झाली, दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

स्वतंत्र भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हाही गुन्हा ठरवला. २००१ च्या नियमांनी रस्त्यावरची कुत्री मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरणाचा मार्ग घालून दिला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि ते पुन्हा रस्त्यावर येऊ नये ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. युधिष्ठिराचाच मुद्दा कायद्याच्या भाषेत आला म्हणा.

खरी कसोटी घरात लागते. दत्तक कुत्रे परत दिले जाते ते बहुधा द्वेषाने नव्हे, घाईने. गल्लीत त्याचे उठणे-बसणे त्याच्या मर्जीचे होते. आता अचानक फरशी, लिफ्ट, मिक्सरचा आवाज, बंद दार. ते पलंगाखाली दडते, खात नाही, घरात घाण करते, जवळ गेल्यास गुरगुरते. घरच्यांना वाटते, कुत्रे बिघडलेले आहे. ते फक्त घाबरलेले असते.

अशा वेळी एक कोपरा त्याचा ठरवावा. तिथे जुनी चादर आणि पाणी ठेवावे. पलंगाखालून ओढून काढू नये. पाहुणे, आंघोळ, कौतुकाचे फोटो थोडे लांबवावेत. जेवण आणि फिरणे ठरल्या वेळी असावे. खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर लगेच बाहेर न्यावे. गुरगुरला तर मारू नये, मागे सरावे. तो इशारा आहे. बिथरून निसटण्याची भीती सुरुवातीला फार, म्हणून पट्टा घट्ट हवा. घरी एकटे राहण्याची सवय पाच मिनिटांपासून लावावी. पशुवैद्याकडून रेबीजची लस, जंताचे औषध चुकवू नये. आणि पुण्यात ढोल-ताशांच्या, फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या लावून कुणीतरी जवळ बसावे.

प्राणी सांभाळणारे एक ठोकताळा सांगतात: बुजरेपणा ओसरायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. काहींना याहून जास्त लागतात. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा पुन:पुन्हा मिळालेला मायेचा हात अधिक उपयोगी पडतो, असे त्यात दिसले.

पोळी टाकणारे हात त्याने गल्लीत पुष्कळ पाहिलेले असतात. तोच हात दुसऱ्या दिवशीही येतो, तिसऱ्या दिवशीही येतो, हे त्याला कळायला वेळ लागतो. युधिष्ठिरामागचे कुत्रेही हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत चालले होते. सोबत ठरायला तेवढी वाट लागते.