पाणवठा, शोषखड्डा आणि मंडळी : जामखेडच्या कार्याचा इतिहास

महाराष्ट्रातील ख्रिस्ती आरोग्यसेवेचा इतिहास आपल्याकडे बहुधा रुग्णालयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मिरज, वाई, जालना, अहमदनगर ही नावे घेतली की दगडी इमारती, शस्त्रक्रियेची दालने आणि तेथे आयुष्य वेचलेले वैद्य डोळ्यांपुढे येतात. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु गावचा पाणवठा, मोरीचे सांडपाणी, उकिरडा आणि हागणदारी यांना त्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. आणि मनुष्य आजारी पडतो तो मुख्यत्वे तेथेच. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका निराळ्या कार्याचा मागोवा घेत आहोत. ते अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात १९७० साली सुरू झाले.

या कार्याचे प्रवर्तक डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली झाला आणि ते याच जिल्ह्यातील राहुरीचे. त्यांचे आईवडील शिक्षक होते. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील तेथील लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९६० साली विवाह करतेवेळीच खेड्यातील गोरगरिबांच्या सेवेचा संकल्प सोडला. पुढे काही वर्षे त्यांनी नगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. हगवणीने शुष्क झालेले मूल बरे करून घरी पाठवावे आणि काही दिवसांनी तेच मूल त्याच दुखण्याने परत यावे, असा तेथील अनुभव होता. औषध रुग्णालयात होते. रोगाचे मूळ मात्र आडाच्या पाण्यात होते. या अनुभवामुळेच अमेरिकेत शस्त्रक्रिया व वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतल्यावर हे दांपत्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी गेले. परतल्यावर जामखेडमध्ये एका जुन्या गुरांच्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी कामाला आरंभ केला.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही मिशनरी चरित्रात शोभावी अशी आहे. खरा इतिहास १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे घडला. त्या वर्षांत माणसांना अन्नाइतकीच पाण्याची वाण होती. मदतीच्या पैशांतून गावोगावी कूपनलिका खोदण्याचे ठरले, आणि लगेच प्रश्न उभा राहिला : कूपनलिका गावात कोठे घ्यावी? गावाची जुनी विहीर सवर्णांच्या आळीत. दलितांनी तिला शिवायचे नाही. कोणी वरून पाणी ओतील तर ओंजळ धरायची, नाही तर ओढ्यातल्या डबक्यावर जायचे. आरोळे दांपत्याने कूपनलिकांच्या जागा शक्य तेथे दलित वस्तीत किंवा तिच्या लगत निवडण्याची खटपट केली. भूगर्भाचा कौल आणि न्यायाचा कौल एकाच ठिकाणी पडावा, अशी ती युक्ती होती. पाणी लागले, हातपंप बसला, आणि दुष्काळात तहानेने व्याकूळ झालेल्या वरच्या आळीतील बायका हंडे घेऊन दलितांच्या वस्तीत आल्या. भाषणांनी जे साधले नव्हते ते एका लोखंडी दांड्याने बऱ्याच अंशी साधले.

या ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे. आपल्या समाजात 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' हे शब्द शतकानुशतके एकमेकांची जागा घेत आले. सोवळ्यातील मनुष्य गढूळ पाणी पिऊनही शुद्ध राहत असे, आणि दुसऱ्याचा मैला वाहून गाव स्वच्छ ठेवणारा मात्र अशुद्ध ठरत असे. नगरच्या मंडळ्यांना हे नवे नाही. लक्ष्मीबाई टिळकांना आपले वेगळे पाणी आणि वेगळी चूल सोडताना मनाशी केवढी झुंज द्यावी लागली हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात हात धुण्यावरून जो वाद झाला तो शुद्धीचा होता, आरोग्याचा नव्हता. प्रभूने त्या शुद्धीचा डोलारा मोडला. हात धुण्याची मनाई केली नाही. या अध्यायावर प्रवचन करणाऱ्या उपदेशकांच्या हातून हा भेद पुष्कळदा निसटतो.

अर्थात हा भेद ओळखणारे जामखेडकर पहिले नव्हते. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग रात्री कीर्तन केले. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, त्याला पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला. आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी मैल्याचे खत करणाऱ्या साध्या संडासाचा प्रचार केला. दोघांनीही स्वच्छतेचे काम जातीच्या खांद्यावरून उतरवून सर्वांच्या हातात दिले. आमच्या मंडळ्यांत या दोघांची नावे क्वचितच निघतात, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

जामखेडने या परंपरेत भर घातली ती गावातल्या बायकांची. आरंभी परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. परक्या गावात एकट्या तरुणीने राहणे कठीण, आणि गावकऱ्यांनाही ती परकीच वाटे. तेव्हा आमच्याच गावातील बाई शिकवा, अशी सूचना गावच्या बाजूनेच पुढे आली. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीला जेवत. ही पंगतच प्रशिक्षणाची अवघड पायरी होती.

मग गावात परतून त्यांनी काय केले? बाळंतपणाच्या वेळी हात व नाळ कापण्याचे पाते स्वच्छ ठेवण्याचा आग्रह धरला. जुलाब लागलेल्या मुलाला पाणी तोडण्याऐवजी मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास आयांना शिकविले. घराघरापाशी शोषखड्डे घेण्यास लोकांना प्रवृत्त केले. शोषखड्डा म्हणजे विशेष काही नव्हे : मोरीच्या तोंडाशी खड्डा खणावा, त्यात दगडगोटे व वाळू भरावी, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरते, गल्लीत डबके साचत नाही आणि डासांची पैदास कमी होते. पुरुषांची शेतकरी मंडळे आणि स्त्रियांची महिला मंडळे हे काम अंगावर घेत. पाण्याचे नमुने पाहणे, झाडे लावणे, पाणलोटाची कामे करणे हे सारे क्रमाने आले. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजारी १७६ च्या आसपास असलेले बालमृत्यूचे प्रमाण शतकाच्या अखेरच्या दशकात तिसाच्या खाली आले. त्यात औषधाचा वाटा आहेच; पण पाणी, अन्न आणि गावातील बाईचा शब्द यांचा वाटा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

जगातील ख्रिस्ती मंडळीने या कार्याची दखल लवकर घेतली. आरोग्यदान हे केवळ रुग्णालयाचे नव्हे तर समग्र मंडळीचे कार्य आहे, हा विचार १९६४ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील परिषदेत मांडला गेला होता, आणि १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी स्वतः चालविलेल्या आरोग्यकार्यांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७८ च्या आल्मा-आटा घोषणेमागे जे अनुभव होते त्यांत हाही एक होता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

घरच्या मंडळीचे मात्र काहीसे वेगळे झाले. ज्या कार्यात बाप्तिस्म्यांचा आकडा नाही त्यास शुभवर्तमानाचे कार्य म्हणावे काय, ही शंका आपल्याकडे अशा प्रसंगी हटकून निघते. शंका अप्रामाणिक नाही. पण शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागणाऱ्या प्रभूने पहिला बांध कोणता ओलांडला हे ती विचारणाऱ्यांनी पाहावे. आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाबाहेरून आलेली आहेत. पाणवठ्यावरचे अंतर त्यांच्या आजोबांनी सोसले. असे असता ख्रिस्ती वस्तीतील तुंबलेली गटारे आणि उपासनामंदिराच्या मागची घाण यांकडे नगरपालिकेचे काम म्हणून पाहणे आमच्या पाळकांना कसे जमते, हे कोडे आहे.

पुढे २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अनुदानातून बांधलेल्या संडासांत सरपण आणि कडबा साठविला जातो, हे तोवर सर्वांनी पाहिले होते. म्हणून या अभियानात गावाने स्वतः श्रम करण्यावर आणि गावागावांतील स्पर्धेवर भर दिला गेला. मेबल आरोळे १९९९ साली वारल्या होत्या. रजनीकांत आरोळे २०११ साली निवर्तले. त्यांच्यानंतर जामखेडचे काम पुढच्या पिढीने चालविले, आणि खेड्यांतून काम करणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींनी आपल्या सुनांना तेच शिकविले.