घरगुती माध्यम-सर्व्हर आणि एसएसडी कॅश : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
चित्रपट, संगीत व कौटुंबिक छायाचित्रे साठवून घरातील दूरचित्रवाणी संच आणि संगणकांना पुरविणाऱ्या संगणकास घरगुती माध्यम-सर्व्हर म्हणता येईल. त्याच्या हार्डडिस्क-समूहास एसएसडीची कॅश जोडल्यास कार्यक्षमता वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात कॅशच्या इतिहासाच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे.

संकल्पनेचा उगम :
केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी इ.स. १९६५ मध्ये मोठ्या पण मंद स्मृतीच्या जोडीला लहान पण वेगवान 'दास-स्मृती' ठेवण्याची कल्पना मांडली. इ.स. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात कॅशचा व्यावसायिक वापर झाला. नुकतीच वापरलेली माहिती लवकरच पुन्हा लागते, हे या रचनेचे मुख्य गृहीतक होय.

डिस्क-समूह व एसएसडी :
इ.स. १९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी 'रेड' पद्धतीचे विवेचन केले. अनेक डिस्क एकत्र आल्याने सलग वाचनाचा वेग वाढला. विखुरलेल्या वाचनातील विलंब मात्र राहिला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरील हवा तो भाग वाचनशीर्षाखाली येण्यासच सरासरी ४.२ मिलिसेकंद लागतात. यांत्रिक हालचाल नसलेल्या एसएसडीत हा विलंब नाही. म्हणूनच सन मायक्रोसिस्टिम्सने इ.स. २००८ मध्ये झेडएफएस प्रणालीसाठी 'एल-टू-आर्क' ही एसएसडी कॅश पुढे आणली.

येथे एक बाब लक्षणीय आहे. एल-टू-आर्कच्या मूळ मांडणीत, सलग वाचनाच्या अंदाजाने आगाऊ आणलेली माहिती कॅशमध्ये साठविली जात नाही. इ.स. २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.१० आवृत्तीत समाविष्ट झालेली 'बीकॅश' देखील ४ मेगाबाइटपुढील सलग वाचन थेट डिस्ककडे सोपविते. चित्रपटाचे वाचन नेमके याच प्रकारचे असते.

घरगुती वापर :
अल्ट्रा एचडी ब्लू-रे चित्रपटास सेकंदाला कमाल १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट माहिती लागते. आजची एक साधी हार्डडिस्कही सलग वाचनात १०० मेगाबाइटपेक्षा अधिक वेग देते. गिगाबिट जाळ्याची सैद्धांतिक मर्यादाच १२५ मेगाबाइट असल्याने त्यापुढील वेग प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. संग्रहाची सूची उघडणे, लघुचित्रे दाखविणे, असंख्य लहान फायली शोधणे या पुनरावृत्त कामांत मात्र एसएसडीचा लाभ स्पष्ट होतो.

लेखन-कॅशचा प्रश्न अधिक गंभीर आहे. काही पद्धतींत नवी माहिती प्रथम एसएसडीवर व नंतर डिस्कवर जाते. दरम्यान ती एकमेव एसएसडी निकामी झाल्यास डिस्क-समूह सुस्थितीत असूनही विवाहसोहळ्याची छायाचित्रे कायमची गमावण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
कॅशचे मूल्य तिच्या वेगाइतकेच माहितीच्या पुनर्वापरावर अवलंबून असते. केवळ चित्रपट पाहण्यासाठी एसएसडी कॅश जवळजवळ निरुपयोगी ठरते. सूची व लघुचित्रे स्वतंत्र एसएसडीवर ठेवणे आणि उरलेला खर्च माहितीच्या दुसऱ्या प्रतीसाठी करणे, हेच घरगुती वापरात अधिक श्रेयस्कर होय.