मधल्या अक्षराचे कूळ

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायच्या चिमुकल्या विजेरीत जो पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल बसतो, त्याच्या वेष्टनावर ‘आयसीआर १०४४०’ किंवा ‘आयएमआर १०४४०’ अशी खूण छापलेली असते. तिच्यातील आकडे मापाचे आहेत : व्यास १० मिलिमीटर आणि लांबी ४४.० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ट्रिपल-ए पेन्सिल सेलइतकीच. शेवटचे ‘आर’ दंडगोल आकार दाखवते. सेल किती सुरक्षित आहे हे मात्र पहिल्या दोन अक्षरांवरून कळते, आणि त्या दोन्ही अक्षरांमागे आगीची भीती आहे.

‘आय’चा अर्थ असा, की ऋण टोकाशी लिथियम धातूच्या रूपात नसून आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात दुसऱ्या पदार्थात सामावलेले असते. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्झॉन कंपनीत केलेल्या सेलमध्ये शुद्ध लिथियम धातू होता; पण चार्ज करताना अशा धातूवर सुईसारखे अंकुर वाढतात आणि ते मधला पडदा भेदून दोन्ही टोके जोडून टाकतात. कॅनडातील मोली एनर्जीने धातुरूप लिथियमचे सेल बाजारात आणले, तेव्हा जपानमधील फोनना आगी लागल्या आणि १९८९ मध्ये ते सेल परत बोलवावे लागले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूच्या जागी कार्बन योजून हा धोका टाळला होता, आणि त्याच वाटेने १९९१ मध्ये सोनीचा लिथियम-आयन सेल बाजारात आला.

मधले अक्षर धन टोकाच्या द्रव्याचे असते. ‘सी’ म्हणजे कोबाल्ट. त्याचे थरांचे ऑक्साइड १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणले. कमी जागेत भरपूर ऊर्जा हा त्याचा गुण खराच. परंतु पूर्ण चार्ज झालेले हे ऑक्साइड फार तापले, की त्याच्या थरांतून ऑक्सिजन सुटू लागतो, आणि सेलमधील द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे जळण व ऑक्सिजन एकाच बंद डबीत एकत्र येतात. १९८३ मध्ये मायकेल थॅकरे आणि गुडइनफ यांनी मँगनीजचे स्पिनेल, म्हणजे त्या नावाच्या रत्नासारखी स्फटिकरचना असलेले ऑक्साइड, सुचवले. त्यात आयनांना तिन्ही दिशांनी वाटा मिळतात, त्यामुळे जास्त प्रवाह सोसतो, आणि उष्णतेतही ते कोबाल्टपेक्षा स्थिर राहते. हे ‘एम’चे कूळ, आज मात्र ही खूण असलेल्या अनेक सेलमध्ये निकेलही मिसळलेले असते. ‘एफ’, म्हणजे लोह, सर्वांत धाकटे. १९९७ मध्ये अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासमधून लिथियम-लोह-फॉस्फेटचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची रचना ऑलिव्हीनची आहे, आणि हे खनिज दख्खनच्या काळ्या बेसाल्टातही सापडते. येथे ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो, की तापूनही तो सहजी सुटत नाही. सेल मुळातच निर्धोक करण्याचा हा सर्वांत सुंदर उपाय म्हणावा लागेल.

लहान विजेरीला हा भेद सर्वांत जास्त लागू पडतो. १०४४० मापाच्या सेलची क्षमता सुमारे ३५० मिलिअँपिअर-तास असते. प्रखर एलईडीने त्यातून १ अँपिअर ओढला, तर तो क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने रिकामा होतो, आणि अनेक कोबाल्ट सेलना एवढा वेग मानवत नाही. मोठ्या सेलला संरक्षक मंडल, म्हणजे अतिप्रवाह तोडणारी चकती, जोडता येते. पण तिच्यामुळे वाढणारे दोन-तीन मिलिमीटर चिमुकल्या विजेरीच्या नळीत सहसा मावत नाहीत. तेव्हा सुरक्षितता द्रव्यातच असावी लागते, आणि म्हणून ‘सी’पेक्षा ‘एम’ व शक्य तेथे ‘एफ’ निवडणे शहाणपणाचे. ‘एफ’मध्ये ऊर्जा कमी साठते व प्रकाश लवकर ओसरतो, हा तोटा पत्करण्यासारखा आहे. मात्र केवळ १.५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेल्या विजेरीत ‘एफ’चे ३.२ किंवा इतरांचे ३.७ व्होल्ट घातले, तर तिचे मंडल जळू शकते. आणि ‘एफ’चा सेल ३.६ व्होल्टला भरून होत असल्याने, इतरांसाठी असलेल्या ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये तो ठेवता कामा नये.