चौतीस बी : एका लेबलाची कुळकथा

ब्राच्या लेबलावर बरेचदा दोन मापं शेजारीशेजारी छापलेली असतात : ३४ बी आणि ७५ बी. पहिलं इंचांतलं, दुसरं सेंटिमीटरमधलं. शिवणाची टेप घेऊन दोन्ही ताडून बघा. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर आणि ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. वस्तू एक, माप एक, आणि लिहिताना मध्ये साडेचार इंच पडले. ही छपाईतली चूक नव्हे, ठरलेली जोडी आहे. हीच ब्रा फ्रान्समध्ये ९० नंबरची होते, ऑस्ट्रेलियात १२ ची आणि इटलीत ३ ची.

यातला ७५ सरळ आहे. छातीच्या खाली बरगड्यांवरून टेप फिरवल्यावर ७३ ते ७७ सेंटिमीटर घेर आला, की युरोपातल्या पद्धतीनं त्या बाईचा नंबर ७५. मग ३४ हे कशाचं माप? या एका प्रश्नाच्या मागे लागले आणि भलतीकडेच पोहोचले : अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ऑपरेशननंतर पोटाला बांधायचे पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीच्या दारात.

ब्राचा नेहमी सांगितला जाणारा इतिहास आधी उरकून टाकते. ऑस्ट्रियात पूर्व तिरोलमधल्या लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली जुन्या भरावात पंधराव्या शतकातली, वेगवेगळे कप शिवलेली लिननची अंतर्वस्त्रं सापडली. १८८९ मध्ये पॅरिसच्या एर्मिनी कादोलनं कॉर्सेट मध्यावर तोडून त्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकबला दोन रुमाल आणि रिबिनीपासून सुचलेल्या ब्राचं पेटंट मिळालं, ते तिनं पुढे वॉर्नर कंपनीला पंधराशे डॉलरला विकलं. ऑटो टिट्झलिंग नावाच्या जर्मन संशोधकाची गोष्ट कुणी सांगितली तर सोडून द्या. तो १९७१ सालच्या एका विनोदी पुस्तकात जन्मला. या साऱ्या हकिकतींत मापाबद्दल अवाक्षर नाही, आणि बाईच्या अंगाला रोज जे सोसावं लागतं ते तर मापामुळेच.

१९२० च्या दशकात ब्राला अक्षर नव्हतं, नुसता आकडा होता. तो आकडा शिवणकामातून आला होता. एबेनेझर बटरिकनं १८६३ पासून अमेरिकेत वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली आणि बायकांच्या वरच्या कपड्यांचे नमुने छातीच्या इंचांवरून मागायची पद्धत रूढ झाली : ३२, ३४, ३६. छातीचा सर्वांत मोठा घेर म्हणजे तो आकडा. आपल्याकडे ब्लाउज शिवताना ‘छाती चौतीस’ म्हणतात तेच हे. ब्रासुद्धा याच आकड्यानं मागायची. कपाचं कापड ताणून जिचं तिला बसेल तसं बसायचं.

आता अक्षराकडे वळू. जॅक्सन हे मिशिगनमधलं गाव एके काळी कॉर्सेटच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिथे सॅम्युअल हिग्बी कॅम्पची कंपनी होती, एस. एच. कॅम्प अँड कंपनी. नटण्याच्या कॉर्सेटांपेक्षा तिचा भर डॉक्टरांनी लिहून द्यायच्या पट्ट्यांवर होता : बाळंतपणातले, उतरलेल्या पोटाचे, कंबरेच्या आधाराचे. या कंपनीनं १९३२ च्या ऑक्टोबरात स्तनांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी मांडली आणि १९३३ च्या फेब्रुवारीत कॉर्सेटच्या धंद्यातल्या एका मासिकात जाहिरात दिली. जाहिरातीत चार बाजूचित्रं आणि प्रत्येकाखाली एक अक्षर.

या चार चित्रांतली अक्षरं नुसतं आकारमान सांगत नव्हती. स्तन किती ओघळलेले आहेत तेही सांगत होती. ए म्हणजे सर्वांत कमी, डी म्हणजे सर्वांत जास्त. एखादा डॉक्टर दुखण्याच्या पायऱ्या लावतो, तशी ही प्रतवारी होती. आज ज्या अक्षराला आपण ‘कप साइज’ म्हणतो ते मुळात आधार किती लागेल याचंही निदान होतं. अनेक ठिकाणी कपाच्या अक्षरांचं श्रेय वॉर्नरला दिलेलं आढळेल. वॉर्नरनं ती वापरली खरी, पण १९३७ मध्ये. कॅम्पची जाहिरात त्याच्या चार वर्षं आधीची आहे. वॉर्नर मोठी आणि घराघरांत ठाऊक असलेली कंपनी, म्हणून अक्षर तिच्या नावावर चढलं असं मला वाटतं. वैद्यकीय पट्टेवाल्यांचं नाव कोण लक्षात ठेवणार?

कॅम्पची नजर वैद्यकीय होती याचा दुसरा पुरावा मला फार आवडतो. जर्मनीत ड्रेस्डेनच्या आरोग्य संग्रहालयात पारदर्शक प्लास्टिकची मानवी आकाराची पूर्ण स्त्री घडवली होती. तिच्या आतले अवयव दिवे लावून दाखवता येत. ही ‘पारदर्शक स्त्री’ अमेरिकेत आणली ती सॅम्युअल कॅम्पनं. १९३६ मध्ये तिचं न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन झालं आणि पुढे ती इतर शहरांतही फिरली. बाईच्या शरीराला आतून कुठे आधार असतो आणि कुठे नसतो, हे लोकांना दाखवण्यासाठी पैसे मोजणारा माणूस आणि ए-बी-सी-डी देणारी कंपनी एकच. हे कळल्यापासून ब्राचं दुकान मला वेगळं दिसू लागलं.

आकारमानासोबत ओघळही मोजणारं अक्षर नुसतं आकारमान कसं मोजू लागलं? माझा अंदाज असा : काउंटरमागच्या विक्रेतीला चित्र बघून ओघळ ठरवता येईना, तिला दोन मापं घेऊन वजाबाकी करणं सोपं गेलं. छातीचा घेर आकड्यापेक्षा एक इंच जास्त तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. कॅम्पनं चारच अक्षरं दिली होती, म्हणून पुढची वाटही एक झाली नाही. डीच्या पुढे ब्रिटिश डीडी, ई, एफ, एफएफ असं मोजतात, अमेरिकेत डीडी, डीडीडी लागतात, युरोपात डीनंतर सरळ ई. परदेशी ब्रँड घेताना डीपर्यंत फारसा घोटाळा होत नाही. पुढे त्या देशाचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अक्षर आलं तसा आकड्याचा अर्थ सरकला. पूर्ण छातीचं माप आता अक्षर सांगणार, तर आकड्यानं खालच्या घेराचं काम करायचं. तिथे ते कुप्रसिद्ध ‘अधिक चार’ आलं : छातीखालचा घेर मोजा, त्यात चार इंच मिळवा (विषम आला तर पाच), तो तुमचा नंबर. तीस इंचांच्या बरगड्यांना ३४.

हे चार इंच का? नेहमी मिळणारं उत्तर इलॅस्टिकचं. रबराचा धागा घातलेलं लास्टेक्स कापड १९३१ मध्ये बाजारात आलं, स्पॅन्डेक्स तर १९५८ चा. त्याआधीचे पट्टे सुती किंवा सॅटिनचे, न ताणणारे, तेव्हा श्वास घ्यायला चार इंच सोडले, असं म्हणतात. मला हे पटत नाही. न ताणणाऱ्या कापडाचा अंगालगतचा ब्लाउज आपण रोज घालतो. त्यात सोडतात ती इंच-दोन इंचांची ढील. तीस इंचांच्या अंगावर चार इंच सैल पट्टा कुणालाच आधार देणार नाही.

माझं म्हणणं असं की चार इंच हे दुकानदारांनी जुना आकडा वाचवण्यासाठी घातलेलं ठिगळ आहे. ज्या बाईच्या खालच्या आणि वरच्या घेरात चार-पाच इंचांचा फरक, तिचा जुना ड्रेसचा नंबर आणि नवा ब्राचा नंबर या बेरजेमुळे तोच राहतो. ती काल ३४ मागत होती, आजही ३४ मागेल. ड्रॉवरवरच्या चिठ्ठ्या बदलायला नकोत. फ्रान्सची साक्ष इथे माझ्या बाजूनं उभी राहते. युरोपच्या ७५ ला फ्रेंच ९० म्हणतात, म्हणजे मध्ये पंधरा सेंटिमीटर. आणि युरोपच्या तक्त्यात बी कप म्हणजे १४ ते १६ सेंटिमीटरचा फरक. ७५ बी असलेल्या बाईची पूर्ण छाती बरोबर ९० भरते! फ्रेंच आकडा म्हणजे बी कपवालीच्या छातीचं माप, बरगड्यांच्या गळ्यात अडकवलेलं. ऑस्ट्रेलियाचं १२ तर उघडउघड ड्रेसचाच नंबर आहे. इतक्या दूरदूरच्या देशांत एकच खोड दिसत असेल तर ती श्वासासाठी सोडलेली ढील नसावी; कपड्याच्या जुन्या नंबराची सावली असावी.

इलॅस्टिकवाल्यांची एक गोष्ट मात्र मान्य करते. पट्टे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ ताणतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये ब्राचं माप घेऊन देणारे अनेक जण चार मिळवूच नका म्हणतात. तीस इंच खालचा घेर आणि सदतीस पूर्ण छाती असलेल्या बाईला बेरजेवाला ३४ सी देईल आणि बिनबेरजेवाला ब्रिटिश ३० एफ. अंग एकच.

आपल्याकडे हा जुना अर्थ अजून पुसलेला नाही. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपीणबाईंनी ‘छाती अडतीस’ लिहून घेतलेलं असतं, तोच आकडा आपण ब्राच्या दुकानात हळू आवाजात सांगतो. काउंटरमागून ३८ चं खोकं येतं, बहुतेकदा बी कपाचं, आणि घरी येऊन घातल्यावर ते बसतंही. बसतं, हीच यातली अडचण. समजा या बाईच्या बरगड्यांचा घेर तीस इंच आहे. बेरजेच्या हिशोबानं तिचा नंबर ३४ डी. आता कपाचं गणित असं चालतं की पट्टा एक नंबरनं वाढवून अक्षर एकानं मागे घेतलं तर कपाचं आकारमान तेवढंच राहतं : ३४ डी, ३६ सी, ३८ बी. तिन्ही कप सारखेच. म्हणून ३८ बीचा कप तिला नीट भरतो आणि चूक कधीच उघडी पडत नाही. पट्टा तेवढा पाठीवर वर सरकत राहतो. मग ती खांद्यावरच्या पट्ट्या आवळते, आणि जो भार बरगड्यांभोवतीच्या पट्ट्यानं पेलायचा तो खांद्यांवर येतो. कित्येक बायकांच्या खांद्यावर काळसर वळ पडलेले असतात आणि त्या ते वयाच्या खाती मांडतात. ते अडतीसच्या आकड्याचे वळ आहेत.

ज्या बायकांनी पुढे गाठ मारायची खणाची चोळी वापरली त्यांना हा प्रश्न पडला नसणार. ती गाठ छातीच्या खाली बसते. बाळंतपण, उपास, उतारवय यांत अंगाचा घेर कमीजास्त झाला की गाठ त्या दिवसापुरती आवळायची किंवा सैल करायची. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनाही खालची पट्टी आणि वरची कटोरी वेगळी मोजावी लागते हे पक्कं ठाऊक असतं. एकदा अशाच एका बाईंना मी ३४ आणि ७५ चं कोडं दाखवलं. त्यांनी क्षणभर लेबल पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो ताई, पंच्याहत्तर पट्टीचं आहे, चौतीस छातीचं. दोन मापं एकत्र लिहिलीत त्यांनी.” इतके दिवस पुस्तकं चाळून मी जे जुळवत होते ते त्यांनी टेप गळ्यात असताना सांगितलं.

तेव्हा खरेदीला जाताना ब्लाउजचा नंबर विसरून जावं. श्वास सोडून छातीखालून टेप घट्ट आणि आडवी सरळ धरावी, तो घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा आणि लेबलावरचा सेंटिमीटरचा आकडा त्याच्याशी लावावा. मग पूर्ण छाती मोजून वजाबाकी : १२ ते १४ सेंटिमीटर फरक असेल तर ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. एवढ्यानं फक्त सुरुवात होते. प्रत्येक ब्रँडचं इलॅस्टिक निराळं, म्हणून घालूनच बघायला हवं. थोडं पुढे वाकून हातानं सगळा भाग बाजूनं कपात घ्यावा. मधला जोड छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला तर कप लहान आहे. हात वर केल्यावर पाठीवरचा पट्टा चढत असेल तर पट्ट्याचा एक नंबर खाली आणि कपाचं एक अक्षर वर मागावं. दुकानात ‘तेवढं नाही, हे घ्या, सेमच आहे’ म्हणून मोठ्या पट्ट्याचं खोकं पुढे केलं तर निघून यावं, कारण सारखा असतो तो कपच.

रोजच्या वापरातल्या दोन-तीन ब्रांपैकी एक तरी आपल्या त्वचेच्या रंगाची असावी. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरीपेक्षा ती कमी दिसते. आणि कुठलीही नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर अंगाला घट्ट बसते ना ते पाहूनच घ्यावी. आतले हूक काही महिन्यांनी पट्टा ताणून सैल पडेल तेव्हा लागतात. ते पहिल्याच दिवशी लावावे लागले तर पुढे आवळायला जागाच उरत नाही.