टायरवरची अक्षरे

आंबा घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो, तिथे आमच्या साखरप्याच्या नाक्यावर एक पंक्चरचे दुकान आहे. मालक मूळचा केरळचा. सगळे त्याला अण्णा म्हणतात. गेल्या श्रावणात पुतण्याची मोटारसायकल घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने मागचे चाक हाताने फिरवले, थांबवले, पुन्हा फिरवले आणि विचारले, "गुरुजी, ही गाडी तुम्ही चालवत नाही ना?"

"नाही. पुतण्याची आहे. का?"

"पोरगा पुढच्या ब्रेकला हात लावत नाही."

मी चकित झालो. अण्णाने मला खाली बसवून दाखवले. मागच्या टायरची नक्षी मधोमध झिजलेली, आणि त्यातही तीन ठिकाणी हाताच्या पंजाएवढे टक्कल पडलेले. चाक अडकून रस्त्यावर फरपटले की जो भाग खाली असेल तोच खरवडला जातो. पुढचा टायर मात्र जवळजवळ कोरा. दोन्ही टायरांच्या कडांवर तर कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केसही शाबूत होते. म्हणजे स्वारी वळणावर गाडी फारशी कलती करत नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझी वीस वर्षे गेली, पण इतक्या झटपट एखाद्या मुलाची नस मला कधी सापडलेली नाही.

मी गप्प राहिलो, कारण ती शिकवण माझीच होती. "पुढचा ब्रेक दाबशील तर तोंडावर पडशील" हे मीच त्याला बजावले होते. मला ते वडिलांनी राजदूतवर शिकवले. त्यांचा रस्ता तांबड्या मातीचा आणि सुट्या खडीचा; तिथे ते शहाणपणच होते.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मी या भीतीचे मूळ शोधू लागलो. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने 1845 साली पेटंट करून ठेवली होती. पण त्या वेळी ना सायकल होती, ना मोटार, आणि लोक ती विसरून गेले. पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच खटाटोप नव्याने केला आणि 1888 साली पेटंट घेतले. बापाने मुलाला धक्के बसू नयेत म्हणून केलेली ही वस्तू! त्या काळचे टायर फिक्या रंगाचे असत. मिशेलिन कंपनीचा तो गुबगुबीत टायरमाणूस पांढरा आहे तो त्यामुळेच. रबरात काजळी मिसळली की ते कितीतरी कमी झिजते हे कळले, आणि टायर काळे झाले.

1907 साली आइल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकलींची पहिली टी. टी. शर्यत झाली. एकेरी सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर ताशी सुमारे 38 मैलांच्या सरासरीने जिंकला. दुहेरीच्या गटात रेम फाउलर पहिला आला; त्याचा पुढचा टायर भर वेगात फुटला होता, तरीही! रस्ते धुळीचे, गाड्यांना चामड्याचे पट्टे, आणि पुढचा ब्रेक असलाच तर सायकलीसारखा नाजूक. अशा गाडीवर मागच्या ब्रेकचा भरवसा धरणारा माणूस चुकत नव्हता. पुढे रस्ते डांबरी झाले, पुढचे ब्रेक दणकट झाले. उपदेश मात्र तोच राहिला.

तो उपदेश किती महाग पडतो हे अमेरिकेत मोजले गेले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी आपल्या माणसांसह लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे 900 अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि 1981 साली अहवाल दिला. अपघात टाळण्यासाठी स्वाराला जेमतेम दोन सेकंद मिळतात, आणि त्यात बहुतेक जण मागचे चाक अडकवून फरपटवतात. पुढचा ब्रेक पुरेसा दाबतच नाहीत. वास्तविक ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागचे चाक हलके होते. जोर असतो पुढच्या चाकात, आणि आपण मदत मागतो मागच्याकडे. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे 125 सी. सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. पुतण्याची गाडी त्याआधीची, जुन्यात घेतलेली.

नवा टायर बसवून घरी आलो आणि पुतण्याला सांगितले की मी तुला चुकीचे शिकवले. तो हसला. मला हसू आले नाही; रोज तो घाट चढउतर करतो.

रविवारी शाळेसमोरचा डांबरी रस्ता मोकळा असतो. तिथे मी खडूने रेघ ओढली. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू आवळत न्यायचा, असे अण्णाने सांगितले होते. पहिल्या खेपेला पुतण्या बिचकला. पाचव्या खेपेला रेघेच्या पुढे दोन हातांवर अलगद थांबला.

"काका, आता तुम्ही."

मी गाडी वेगात आणली. रेघ आली. उजवा हात काही केल्या मिटेना. पाय आपला आधीच खाली गेला होता. मागे डांबरावर काळा ओरखडा उठला आणि पुतण्या तो पावलांनी मोजत आला. सात भरली.