किंडर स्काउट

किंडर स्काउट : इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यातील एक मूरयुक्त पठारी डोंगर. उंची ६३६ मी. पेनाइन डोंगररांगेच्या दक्षिण टोकाशी, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या ‘डार्क पीक’ या भागात तो वसला असून परगण्यातील व उद्यानातीलही हे सर्वोच्च स्थान आहे. डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी हेफील्ड व दक्षिण पायथ्याशी ईडेल ही गावे आहेत. उत्तरेस ॲशप नदीचे खोरे आहे. वायव्येकडील मँचेस्टर व पूर्वेकडील शेफील्ड या दोन औद्योगिक महानगरांच्या मधोमध हा डोंगर उभा आहे. उंचीने सामान्य असूनही ब्रिटनच्या सामाजिक इतिहासात त्याला जे स्थान लाभले, त्याचे कारण या शेजारात आहे. सामान्य माणसाला मोकळ्या डोंगरावर पायी फिरण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न येथे एका शतकाहून अधिक काळ लढविला गेला. ‘स्काउट’ हा शब्द पुढे आलेला कडा या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दावरून आल्याचे मानले जाते. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीत किंडरची नोंद ‘चेंद्रे’ अशी आढळते.

भूरचना : किंडर स्काउटला टोकदार शिखर नाही. सु. ६०० मी. उंचीचे विस्तीर्ण, ओबडधोबड पठार व त्याभोवती खडकाळ कडे असे त्याचे स्वरूप आहे. माथा ‘मिलस्टोन ग्रिट’ या भरड व कठीण वालुकाश्माचा आहे. कारबॉनिफेरस कल्पात, सु. ३२ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी त्रिभुज प्रदेशात आणून टाकलेल्या वाळूपासून हा खडक बनला. पूर्वी त्यापासून जाती घडवीत, यावरून त्याला हे नाव पडले. वालुकाश्माखालील मृदू शेल खडक लवकर झिजतो. त्यामुळे पठाराच्या कडा ठिकठिकाणी ढासळून उतारांवर दगडांच्या राशी पडल्या आहेत. वारा, पाऊस व हिम यांनी कडेवरील शिळांना विलक्षण आकार दिले असून ‘वुलपॅक्स’ म्हणजे लोकरीचे गठ्ठे, ‘पिम चेअर’, ‘नो स्टूल’ अशी त्यांची नावे रूढ आहेत.

माथ्यावर काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचा पीटचा थर आहे. सदैव ओल्या व आम्लधर्मी भूमीत वनस्पतींचे अवशेष पूर्णपणे न कुजता साठत गेल्याने हा काळपट थर हजारो वर्षांत तयार झाला. त्यातून पाण्याने खोदलेल्या खोल, नागमोडी घळींचे जाळे पसरले असून धुके उतरले म्हणजे माहितगारालाही दिशा सापडत नाही. पठार हे जलविभाजकही आहे. पश्चिमेकडे वाहणारी किंडर नदी अखेरीस मर्सी नदीद्वारे आयरिश समुद्रास मिळते, तर दक्षिण व उत्तर उतारांवरील ओढे नो, ॲशप, डरवेंट व ट्रेंट या नद्यांवाटे उत्तर समुद्राकडे जातात. किंडर नदी पठाराच्या पश्चिम कडेवरून सु. ३० मी. खाली कोसळते. ‘किंडर डाउनफॉल’ या नावाच्या या धबधब्याचे पाणी जोरदार पश्चिमी वाऱ्याने उलटे वर फेकले जाते व त्याचे तुषार दुरूनही दिसतात. कडाक्याच्या थंडीत तो गोठतो. त्याच्या खालच्या अंगास ‘मर्मेड्स पूल’ हे लहान तळे आहे. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्री त्यात जलपरी दिसते, अशी लोकसमजूत आहे.

वनस्पती व प्राणी : थंड व पावसाळी उंच प्रदेशातील वृक्षहीन, आम्लधर्मी मातीच्या व खुरट्या झुडपांच्या माळभूमीला मूर म्हणतात. किंडरवर हेदर, बिलबेरी, क्रोबेरी, क्लाउडबेरी व पांढऱ्या कापसासारखे झुपके धरणारे कापूसगवत या वनस्पती मुख्यत्वे आढळतात. ऑगस्टमध्ये हेदर फुलल्यावर उतार जांभळे दिसतात. पीट तयार होण्यास सर्वांत उपकारक वनस्पती म्हणजे स्फॅग्नम शेवाळी होय. ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते व भूमी ओली राखते.

पक्ष्यांपैकी लाल ग्राउझ हा वर्षभर येथेच राहतो व हेदरच्या कोवळ्या कोंबांवर जगतो. सोनेरी प्लव्हर, कर्ल्यू व डनलिन हे पाणपक्षी विणीच्या हंगामात माथ्यावर येतात. आखूडकानी घुबड, मर्लिन, बहिरी ससाणा, डोमकावळा व खडकाळ घळींत राहणारा रिंग ऊझल यांचीही येथे नोंद आहे. सस्तन प्राण्यांत डोंगरी ससा विशेष उल्लेखनीय आहे. हिवाळ्यात त्याची लव पांढरी होते. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हेतूने स्कॉटलंडमधून ससे आणून पीक डिस्ट्रिक्टमध्ये सोडण्यात आले. आज इंग्लंडमध्ये अन्यत्र तो आढळत नाही. अलीकडे बर्फ कमी पडू लागल्याने काळ्या पीटवर त्याची पांढरी लव उठून दिसते व ती संरक्षक ठरण्याऐवजी घातक ठरण्याचा संभव असतो. निसर्गरम्य व अस्पर्श वाटणाऱ्या या डोंगराचे रूप माणसाच्या इच्छेने किती घडले आहे, याचे हा ससा एक उदाहरण होय.

जुन्या वाटा व कुंपणबंदी : नॉर्मन राजांच्या काळी हा प्रदेश राजाच्या ‘पीक फॉरेस्ट’ या राखीव शिकारवनात मोडत असे. तथापि मध्ययुगापासून डोंगराच्या खिंडीतून माणसांची व मालाची ये-जा होती. ईडेल व हेफील्ड यांमधील वाटेवर ओझ्याची तट्टे चालत. वाटेवरील मध्ययुगीन दगडी क्रूस ‘ईडेल क्रॉस’ अद्याप उभा आहे. याच वाटेवरील तीव्र चढास ‘जेकब्ज लॅडर’ म्हणतात. जेकब मार्शल नावाच्या अठराव्या शतकातील शेतकऱ्याने तेथे पायऱ्या खोदल्या, असे सांगतात. माथ्यावरील बरीचशी जमीन गायरानासारखी सामायिक होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुंपणबंदीच्या प्रक्रियेने ही जमीन वाटून खाजगी मालकीची झाली व चराईचे परंपरागत हक्क लोपले. शतकाच्या उत्तरार्धात ग्राउझच्या शिकारीला मोठे मोल आले. शिकारीचा हंगाम दरवर्षी १२ ऑगस्टला सुरू होई व प्रत्यक्ष शिकार मोजकेच दिवस चाले. परंतु पक्ष्यांना उपद्रव होऊ नये म्हणून वर्षभर राखणदार नेमून लोकांना माथ्यावर मज्जाव करण्यात येई. ग्राउझला कोवळा पाला मिळावा यासाठी हेदरचे पट्टे आळीपाळीने जाळण्याची पद्धतही रूढ झाली.

याच काळात मँचेस्टर, स्टॉकपोर्ट व शेफील्ड येथील गिरण्या व कारखाने वाढले. धुराने काळवंडलेल्या वस्त्यांत राहणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी असे व सर्वांत जवळचा डोंगर किंडर हाच होता. १८९४ मध्ये ईडेलमार्गे लोहमार्ग सुरू झाल्यावर पायी फिरणाऱ्यांची संख्या वाढली. बंद होत चाललेल्या वाटा वाचविण्यासाठी १८७६ मध्ये हेफील्ड व किंडर स्काउट प्राचीन पायवाट संघटना स्थापन झाली, तर १८९४ मध्ये उत्तरेकडील परगण्यांसाठी पायवाट संरक्षण संस्था निघाली. तिच्या प्रयत्नांनी १८९७ मध्ये हेफील्डहून विल्यम क्लफ या घळीतून स्नेक इनकडे जाणारी वाट सर्वांना खुली झाली. १९०० मध्ये जी. एच. बी. वॉर्ड यांनी शेफील्ड येथे कामगारांचा ‘क्लॅरियन’ पदभ्रमण संघ स्थापन केला व त्याची पहिली सहल किंडरभोवती काढली. या संस्थांचा भर मुख्यतः वहिवाट सिद्ध करण्यावर होता. वाटेवरून चालण्याचा हक्क त्यामुळे मिळाला. परंतु वाट सोडून पठारावर फिरण्याची मुभा मिळाली नाही. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडमधील डोंगर लोकांना खुले करणारे विधेयक संसदेत मांडले होते; ते व त्यानंतरची तत्सम विधेयके फलद्रूप झाली नाहीत.

१९३२ चा सामुदायिक प्रवेश : जागतिक मंदीच्या काळात बेकारी वाढली व स्वस्तात घडणारी करमणूक म्हणून पदभ्रमण अधिकच लोकप्रिय झाले. १९३२ च्या ईस्टरच्या सुमारास ब्रिटिश कामगार क्रीडा संघाच्या शिबिरातील तरुणांना जवळच्या ब्लीक्लो डोंगरावरून राखणदारांनी परत फिरविले. थोड्यांना अडविता येते, पण शेकडोंना अडविता येत नाही, या विचाराने संघाने किंडरवर उघडपणे सामुदायिक प्रवेश करण्याचे जाहीर केले. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, हेफील्डजवळच्या बोडन ब्रिज येथील दगडाच्या खाणीत लोक जमले. त्यांची संख्या सु. ४०० होती, असे सामान्यतः मानतात. मात्र निरनिराळ्या वृत्तांतांत ती बरीच कमीअधिक दिली आहे. वीस वर्षे वयाच्या बेनी रॉथमन या मँचेस्टरच्या तरुणाने त्यांच्यापुढे भाषण केले. त्यानंतर जमाव विल्यम क्लफमधून निघाला व वाट सोडून उतारावर चढला. राखणदारांशी झटापट होऊन एक राखणदार जखमी झाला. वर पोहोचलेल्या लोकांची ईडेलच्या बाजूने आलेल्या तुकडीशी गाठ पडली व मंडळी गात गात परतली.

हेफील्ड येथे पोलिसांनी सहा जणांना पकडले. परभूमीवर विनापरवाना जाणे हा त्या वेळी फौजदारी गुन्हा नव्हता, तो दिवाणी दाव्याचा विषय होता. त्यामुळे खटला दंगल व मारहाण अशा आरोपांखाली डर्बी येथे जुलै १९३२ मध्ये चालला. रॉथमनने स्वतःच आपली बाजू मांडली. पाच जणांना दोन ते सहा महिने कारावासाच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिन्यांची झाली. प्रवेशाच्या मार्गाविषयी स्वतः पदभ्रमण चळवळीतही एकमत नव्हते. जुन्या संघांनी या कृतीने वाटाघाटींना बाध येतो, अशी टीका केली होती. तथापि शिक्षांच्या कठोरपणामुळे लोकमत ढवळून निघाले व त्याच वर्षी कॅसलटनजवळच्या विनाट्स खिंडीत हजारो लोकांची सभा भरली. पुढील कायद्यांचे श्रेय किती प्रमाणात या प्रवेशास व किती प्रमाणात संस्थांच्या चिवट प्रयत्नांस द्यावे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. एका दिवसाच्या घटनेने प्रश्नाला चेहरा दिला, तर संस्थांनी त्याला कायद्याची भाषा दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

कायदे व खुला प्रवेश : १९३९ च्या डोंगरप्रवेश अधिनियमात जमीनमालकांच्या आग्रहाने असे बदल झाले, की काही परिस्थितीत प्रवेश हाच गुन्हा ठरावा, त्यामुळे तो पदभ्रमण करणाऱ्यांना मान्य झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन डाउअर यांच्या १९४५ च्या व हॉबहाउस समितीच्या १९४७ च्या अहवालांवरून १९४९ चा राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेशप्रवेश अधिनियम संमत झाला. त्याखाली १७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९५० नंतरच्या दशकात जमीनमालकांशी करार होऊन किंडरचा माथा टप्प्याटप्प्याने लोकांना खुला झाला. पत्रकार टॉम स्टीफनसन यांनी १९३५ मध्ये सुचविलेली ‘पेनाइन वे’ ही सु. ४३० किमी. लांबीची पायवाट २४ एप्रिल १९६५ रोजी सुरू झाली. ईडेल येथून निघून किंडर ओलांडीत ती स्कॉटलंडमधील कर्क येथमपर्यंत जाते. १९८२ मध्ये नॅशनल ट्रस्टने किंडर विकत घेतला. २००० च्या ग्रामीण प्रदेश व वहिवाट अधिनियमाने इंग्लंड व वेल्समधील नकाशांकित डोंगर, मूर व सामायिक जमिनींवर पायी भटकण्याचा हक्क मान्य केला. २००४ पासून तो या भागात अमलात आला. सामुदायिक प्रवेशाच्या सत्तराव्या स्मृतिदिनी, २००२ मध्ये, डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. बेनी रॉथमन त्याच वर्षी निधन पावले.

झीज व पुनरुज्जीवन : हक्काचा प्रश्न सुटत असता डोंगर मात्र झिजत होता. पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या गिरण्यांच्या धुरातील गंधकी वायूंमुळे स्फॅग्नम शेवाळी जवळजवळ नष्ट झाली. मेंढ्यांची अतिचराई व वणवे यांनी उरलेले आच्छादन हिरावले. उघडा पीट पावसाने वाहू लागला, घळी खोल झाल्या व ओढ्यांचे पाणी तपकिरी झाले. वाढत्या पावलांनीही यात भर घातली. पेनाइन वे आरंभी ग्राइंड्सब्रुकमधून थेट पठारावरून जात असे, ती झिजेमुळे जेकब्ज लॅडरकडे वळवावी लागली. ज्या गिरण्यांनी कामगारांना मोकळ्या हवेसाठी डोंगराकडे धाडले, त्यांच्याच धुराने डोंगराचे शेवाळी कवच जाळले होते.

१९८२ नंतर मेंढ्यांना आवर घालण्यात आला. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ या सहकारी उपक्रमाने व नॅशनल ट्रस्टने उघड्या पीटवर चुना व गवताचे बी टाकणे, हेदरच्या कापलेल्या फांद्या अंथरणे, घळींत दगडी व लाकडी बांध घालणे आणि स्फॅग्नमची रोपे लावणे अशी कामे हाती घेतली. शेवाळी परतली की पाणी माथ्यावर थबकते, खालच्या गावांतील पुराचा जोर कमी होतो व पीटमध्ये साठलेला कार्बन हवेत जाण्याचे थांबते. २००९ मध्ये किंडर राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये, सामुदायिक प्रवेशाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याची हद्द वाढविण्यात आली. पठाराभोवती मेंढ्यांसाठी कुंपण घालण्यात आले आहे. ज्या डोंगरावर मज्जावाविरुद्ध लढा झाला, तेथेच पुन्हा कुंपण आले. परंतु या वेळी पायी येणाऱ्यासाठी त्यात फाटके व चढण्या ठेवलेल्या आहेत. वाटांवर बसविलेल्या रुंद फरश्यांचा हेतूही पाऊल अडविणे हा नसून पाऊल पडूनही पीट टिकावा, हा आहे. विसाव्या शतकात या डोंगरावर येण्याचा हक्क मिळाला; त्या हक्काचा उपभोग घेत असता डोंगर राखणे हे पुढील काळाचे कार्य होय.